ताम्रपट आणि कुलवृत्तांत : रंगनाथ पठारे यांच्या दोन कादंबऱ्या व त्यांचा वाचक

१

यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ चा, म्हणजे इ. स. १००० मधील, एक संस्कृत ताम्रपट संगमनेरच्या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. अशा लेखांची रचना बहुधा ठरलेली असते. आरंभी देवतेचे स्तवन येते, मग दात्याची वंशावळ, त्यानंतर दानाचा तपशील, आणि शेवटी दानात हस्तक्षेप करणाऱ्यास उद्देशून शापवचने येतात. देणारा कोण, घेणारा कोण आणि दिले काय, या तीन गोष्टी काळाच्या ओघात पुसल्या जाऊ नयेत, एवढाच धातूवर कोरण्याचा हेतू. ताम्रपट हा शब्द मराठीत दीर्घकाळ इतिहास-संशोधकांच्या परिभाषेपुरता राहिला होता. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, भारत सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रे देऊन त्यांचा गौरव केला व त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून त्यांच्यासाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. त्या प्रसंगाने हा जुना शब्द गावोगावच्या बोलण्यात आला. अमक्याला ताम्रपट मिळाला, तमक्याला मिळाला नाही, अशी चर्चा चावडीवर होऊ लागली. दान देणारा राजा जाऊन प्रजासत्ताक आले. परंतु घेणारा कोण व त्याचा अधिकार कोणता, हा प्रश्न तसाच राहिला.

रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ ही कादंबरी १९९४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा शब्दाचे हे दोन्ही अर्थ तिच्या शीर्षकात एकत्र आले. पठारे यांचा जन्म १९५० साली अहमदनगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील जवळे या गावी झाला. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे करण्यात आले, येथे ज्या काळाचे विवेचन आहे त्या काळचे नाव वापरले आहे.) संगमनेर येथील महाविद्यालयात त्यांनी भौतिकशास्त्राचे अध्यापन केले. ‘दिवे गेलेले दिवस’ या १९८२ मधील कादंबरीपासून त्यांचे लेखन वाचकांसमोर आहे. ‘ताम्रपट’ला १९९९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे २०१९ मध्ये श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनाने त्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही बृहत्कादंबरी प्रसिद्ध केली. या दोन ग्रंथांचा, आणि वाचकाने त्यांच्याकडे कोणत्या अपेक्षेने पाहिले याचा, ऐतिहासिक क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

‘ताम्रपट’चा काळ १९४२ च्या लढ्यापासून पुढील साडेतीन दशकांच्या आसपासचा आहे. या काळात अहमदनगर जिल्ह्यात जे घडले ते महाराष्ट्राच्या इतर कोणत्याही जिल्ह्याइतकेच महत्त्वाचे होते. काही बाबतींत ते इतरांच्या आधी घडले. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्र सुमारे १७,००० चौरस किलोमीटर आहे. त्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांनी दुष्काळ पिढ्यान्पिढ्या पाहिला. उलट प्रवरेच्या खोऱ्याची स्थिती भंडारदरा येथील धरणाने बदलली. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत आले, ऊस आला, आणि उसामागोमाग प्रथम खाजगी भांडवलाचा साखर कारखाना आला. पाण्याचा लाभ ज्याच्या शेताला, त्याला साखरेच्या नफ्यात वाटा का नसावा, या प्रश्नातून लोणी परिसरातील शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील यांचे संघटन आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांच्या आधारावर १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला.

या एका कारखान्याने जे घडले ते केवळ आर्थिक नव्हते. कारखान्याबरोबर पतसंस्था, सोसायटी, खरेदी-विक्री संघ, शाळा, वसतिगृह, महाविद्यालय असा संस्थांचा विस्तार होत गेला. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, पंचायत राज्याची व्यवस्था १९६२ मध्ये सुरू झाली, आणि गावपातळीवरील नेतृत्वाला जिल्हा परिषद व विधानसभा यांकडे जाणारी वाट मिळाली. ज्या माणसाने १९४२ मध्ये तुरुंगवास पत्करला, तो १९५२ मध्ये कदाचित शाळा चालवीत होता. १९६२ मध्ये त्याच शाळेच्या अनुदानासाठी तो कारखान्याच्या अध्यक्षाच्या दारात उभा होता, आणि १९७२ मध्ये त्याच्या हाती ताम्रपट होता. या एका वाक्यात मावणारे स्थित्यंतर इतिहासाच्या पुस्तकात सहसा तीन निरनिराळ्या प्रकरणांत विभागले जाते : स्वातंत्र्यलढा, सहकारी चळवळ, निवडणुकीचे राजकारण. त्या तिन्ही प्रकरणांतून चालत गेलेला माणूस मात्र एकच असतो, आणि तो कोणत्याही प्रकरणात पुरता सापडत नाही. ‘ताम्रपट’ने हा माणूस हाती घेतला. त्याग व सत्ता, शिक्षण व संस्थाचालकत्व, सहकार व मक्तेदारी यांची गुंतागुंत तिने एका सलग काळपटात मांडली, आणि तसे करताना कोणाही एकाला खलपुरुष ठरवून प्रश्न सोपा केला नाही.

३

या कादंबरीचे वाचन कसे झाले हे समजण्यासाठी मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाची घडण लक्षात घ्यावी लागते. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या १८७१ मधील ‘मोचनगड’पासून मराठी वाचकाला इतिहास आणि कादंबरी यांची जोडी परिचित आहे. हरिभाऊ आपट्यांनी तिला प्रतिष्ठा दिली. १९६२ मध्ये रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आली, तिच्या मागेपुढे ना. सं. इनामदार यांच्या कादंबऱ्या आल्या, आणि ग्रंथालयांतून या प्रकाराला प्रचंड मागणी निर्माण झाली. १९८८ मध्ये विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ने हीच परंपरा नव्या जोमाने पुढे नेली. १९९७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अहमदनगर येथे भरले तेव्हा अध्यक्षस्थानी इनामदारच होते. या सर्व वाचनातून वाचकाच्या मनात एक संकेत दृढ झाला : इतिहास म्हणजे दूरचा काळ, आणि ऐतिहासिक पात्र म्हणजे राजा, पेशवा अथवा सेनापती. अशा पात्राचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो; कादंबरीकाराकडून त्याला हवे असते ते त्या शेवटामागचे मन.

‘ताम्रपट’ने हा संकेत दोन्ही बाजूंनी मोडला. तिचा काळ वाचकाच्या वडिलांचा, कित्येकदा स्वतः वाचकाचा होता, आणि तिची पात्रे कोणत्याही बखरीत नव्हती. त्यामुळे तिच्या वाचकापुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. पेशव्यावरील कादंबरी वाचणारा ‘हे असे घडले काय?’ असे विचारतो. ‘ताम्रपट’ वाचणारा, विशेषतः प्रवरा व गोदावरी यांच्या काठचा, ‘हा कोण?’ असे विचारतो. पात्राच्या मागे खरी व्यक्ती शोधण्याची ही प्रवृत्ती समीक्षेत हलकी मानली जाते. तथापि तिच्याकडे इतक्या सहज दुर्लक्ष करणे योग्य नाही. ज्या समाजाच्या अलीकडच्या इतिहासाची लेखी नोंद अपुरी आहे, ज्याच्या संस्थांचे वृत्तांत बहुधा गौरवग्रंथांच्या स्वरूपात आहेत, त्या समाजाचा वाचक कादंबरीला साक्षीदार मानतो. त्याच्या ‘हा कोण?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘हे कोणीतरी लिहून ठेवले काय?’ असा असतो.

दुसरा वाचक शहरातील, किंवा विद्यापीठीय. त्याच्या दृष्टीने कादंबरीतील स्थळ हे विशिष्ट गाव नसून स्वातंत्र्योत्तर ग्रामीण महाराष्ट्राचे प्रतिरूप आहे. त्याने ‘ताम्रपट’ मूल्यांच्या ऱ्हासाची कथा म्हणून वाचली. हे वाचन चुकीचे नाही, परंतु त्यात एक धोका आहे. ऱ्हास म्हटले की आधी एक निर्मळ काळ गृहीत धरावा लागतो. ताम्रपटातील शापवचनेच दाखवितात की दान बुडविणारा माणूस इ. स. १००० मध्येही अपेक्षित होता. कादंबरीचे बळ ऱ्हासाच्या शोकात नाही. तेच पाणी, तीच संस्था, तोच माणूस एका पिढीला मुक्त करतो व दुसऱ्या पिढीला बांधतो; ही प्रक्रिया दाखविण्यात तिचे बळ आहे. अकादमी पुरस्काराने कादंबरी जिल्ह्याबाहेर पोचली, आणि दोन्ही वाचनांना एकाच वेळी वाव मिळाला.

४

याच सुमारास युरोपात स्पेनमधील एका कादंबरीकाराच्या बाबतीत वाचकांचा असाच प्रश्न उपस्थित झाला, आणि त्याची तुलना येथे उद्बोधक ठरते. हाविएर सेर्कास हे १९६२ साली जन्मलेले लेखक हिरोना विद्यापीठात स्पॅनिश साहित्याचे अध्यापन करीत असत. २००१ मध्ये त्यांची ‘सोल्दादोस दे सालामिना’, म्हणजे ‘सालामिसचे सैनिक’, ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. स्पेनच्या यादवी युद्धाच्या (१९३६-३९) अखेरीस, जानेवारी १९३९ मध्ये, फालान्हे या पक्षाचे एक संस्थापक व लेखक राफाएल सांचेस मासास सामुदायिक गोळीबारातून निसटले. त्यांचा शोध घेणाऱ्या एका प्रजासत्ताकवादी शिपायाने त्यांना पाहिले आणि न मारता सोडून दिले. कादंबरीचा निवेदक, त्याचेही नाव सेर्कासच आहे, या शिपायाचा शोध घेतो. शोधाच्या शेवटी त्याला फ्रान्समधील दिजों येथे मिरायेस नावाचा वृद्ध सैनिक भेटतो. तोच तो शिपाई होता की नाही, हे कादंबरी निश्चितपणे सांगत नाही.

मारिओ व्हार्गास योसा यांनी या पुस्तकाची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि अपरिचित लेखकाचे पुस्तक पाहता पाहता लाखो वाचकांच्या हाती गेले. त्याच्या यशाचे कारण केवळ कथनकौशल्य नव्हते. १९७५ मध्ये फ्रँकोचा मृत्यू झाल्यावर स्पेनने १९७७ च्या माफीच्या कायद्याने जुन्या अपराधांवर पडदा टाकला होता. लोकशाही स्थिर झाली, पण पराभूत पक्षाच्या सामान्य सैनिकांची आठवण सार्वजनिक जीवनातून जवळजवळ वगळली गेली. त्यांच्या नातवंडांच्या पिढीने हे पुस्तक वाचले आणि आपल्या घरातील न बोललेल्या गोष्टीविषयी विचारणा सुरू केली. २००७ मध्ये स्पेनने ऐतिहासिक स्मृतीविषयी कायदा केला. कादंबरीने कायदा घडविला असे म्हणणे अतिशयोक्त होईल. परंतु कायदा ज्या प्रश्नातून निघाला तोच प्रश्न वाचक कादंबरीकडे घेऊन आला होता.

सेर्कास यांचे २०१४ मधील ‘एल इम्पोस्तोर’ हे पुस्तक ‘ताम्रपट’च्या अधिक जवळचे आहे. एन्रिक मार्को नावाचे गृहस्थ आपण नाझी छळछावणीतून वाचलो असे सांगत, आणि अशा वाचलेल्यांच्या स्पॅनिश संघटनेचे ते अध्यक्षही झाले होते. २००५ मध्ये इतिहासकार बेनितो बेर्मेखो यांनी त्यांचे कथन खोटे असल्याचे उघड केले. सेर्कास या असत्याचा तपशील देतात, पण त्यांचा खरा प्रश्न ते ऐकणाऱ्या समाजाविषयी आहे. ज्या समाजाला वीरांची गरज असते, तो वीराची कागदपत्रे तपासत नाही. सन्मान आणि त्याग यांचे नाते सरकारी नोंदीत स्थिर होते, तेव्हा त्या नोंदीच्या बाहेर किती सत्य राहिले, हाच ‘ताम्रपट’चाही विषय आहे. दोघांतील भेद मात्र दृष्टीआड करू नये. सेर्कास यांची पुस्तके खऱ्या नावांनी लिहिलेली आहेत आणि लेखक स्वतः त्यांत तपासनिसासारखा वावरतो. ‘ताम्रपट’ कल्पित पात्रांची कादंबरी आहे. ती व्यक्तीचा नव्हे, व्यवस्थेचा तपास करते.

५

‘सातपाटील कुलवृत्तांत’ने काळाची मर्यादा एकदम सुमारे सात शतकांपर्यंत मागे नेली. यादवकाळाच्या अखेरीपासून आजपर्यंत एका कुटुंबाच्या पूर्वजांचा शोध, असे तिचे स्वरूप आहे. येथेही शीर्षकाचा विचार करणे आवश्यक आहे. कुलवृत्तांत हा मराठीतील एक विशिष्ट ग्रंथप्रकार आहे. विसाव्या शतकात प्रामुख्याने कोकणस्थ व इतर ब्राह्मण घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले. मूळपुरुष, गोत्र, शाखा, स्थलांतरे, वंशवृक्ष आणि कर्तृत्ववान पुरुषांची माहिती असा त्यांचा साचा असे. त्यासाठी लागणारी साधने, म्हणजे सनदा, कुलोपाध्यायांच्या वह्या, पत्रव्यवहार, ज्यांच्या घरी होती त्यांनाच असा ग्रंथ काढता आला. शेतकरी कुळांची वंशस्मृती प्रायः मौखिक राहिली. ती भाट किंवा हेळवी यांच्या वह्यांत आणि वृद्धांच्या तोंडी होती. तीन-चार पिढ्यांपलीकडे ती धूसर होते.

पठारे यांनी या मुद्रित ग्रंथप्रकाराचे नाव उचलून ते अशा कुळाला दिले की ज्याच्याजवळ कुलवृत्तांत लिहिण्याची साधने नाहीत. साधनांची उणीव कल्पनेने भरून काढली. यातून कादंबरीची मूळ भूमिका निष्पन्न होते. छापील कुलवृत्तांताचा हेतू बहुधा कुळाची शुद्धता व सातत्य दाखविण्याचा असतो. ही कादंबरी त्याच्या विरुद्ध दिशेला जाते. तिच्यातील वंश हा स्थलांतरे, लढाया, दुष्काळ आणि निरनिराळ्या समूहांतील स्त्रीपुरुषांचे संबंध यांतून मिश्र होत आलेला आहे. राजांच्या इतिहासात जो केवळ फौजेचा आकडा असतो, तो शिपाई-शेतकरी येथे कथेच्या मध्यभागी येतो. ‘स्वामी’ किंवा ‘पानिपत’ यांच्या वाचकाला लढाईचा निकाल माहीत असतो. येथे निकाल माहीत असूनही, त्या दिवशी पळून वाचलेला माणूस पुढे कोठे गेला आणि त्याने कोणत्या गावी संसार थाटला, हे माहीत नसते.

या ग्रंथाच्या वाचनाला त्याच्या प्रकाशनकाळाने एक विशेष अर्थ दिला. जुलै २०१६ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातीलच कर्जत तालुक्यात कोपर्डी येथे घडलेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर मराठा समाजाचे विराट मूक मोर्चे राज्यभर निघाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये विधिमंडळाने आरक्षणाचा कायदा केला. तो मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमण्यात आली, आणि मोडीतील जुनी दफ्तरे, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची रजिस्टरे यांची तपासणी सुरू झाली. वंशावळ हा शब्द, जो कादंबरीत स्मृतीचा व कल्पनेचा विषय होता, तो हजारो कुटुंबांसाठी प्रमाणपत्राला जोडावयाचा कागद बनला. पणजोबांच्या नावापुढे कोणत्या लेखनिकाने कोणता शब्द लिहिला, यावर पणतूचे शिक्षण अवलंबून राहू लागले.

अशा काळात ‘सातपाटील कुलवृत्तांत’ हाती घेणारा वाचक तटस्थ असणे कठीण आहे. कोणाला तीत आपल्या समाजाच्या दीर्घ इतिहासाला मिळालेली प्रतिष्ठा दिसेल, तर कोणाला वंशशुद्धीच्या अभिमानाला दिलेला छेद खटकेल. इतिहासाचा अभ्यासक पुराव्याची मागणी करील, आणि ती मागणी कादंबरीच्या बाबतीत गैरलागू असली तरी शीर्षकाने ती स्वतःच ओढवून घेतलेली आहे. या सर्व प्रतिक्रिया एकमेकींशी विसंगत असूनही एका गोष्टीवर सहमत आहेत : पूर्वजांविषयीचे विधान हे वर्तमानाविषयीचे विधान असते. २०१९ मध्ये कथा म्हणून वाचलेला मजकूर २०२३ नंतर दस्तऐवजाच्या सावलीत वाचावा लागतो. ग्रंथातील अक्षरही न बदलता त्याचा अर्थ बदलतो, तो असा.

६

याच लेखकाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद भूषविले, आणि तो दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मान्य केला, ही गोष्ट येथे अप्रस्तुत नाही. भाषेचे प्राचीनत्व शिलालेख, ताम्रपट, ग्रंथ यांच्या लेखी पुराव्यांनी सिद्ध करावे लागते. तेथे कल्पनेला स्थान नाही. परंतु ती भाषा ज्यांच्या मुखी टिकली त्यांची नावे त्या पुराव्यांत नाहीत. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मध्ये सिद्ध झाली हे ग्रंथच सांगतो, आणि तिच्या रचनेचे स्थान म्हणून याच जिल्ह्यातील नेवासे परंपरेने प्रसिद्ध आहे; त्या वर्षी नेवाशाच्या पंचक्रोशीत औत धरणाऱ्या माणसाविषयी मात्र एक ओळही उपलब्ध नाही. समितीच्या अहवालात जे सांगता येत नाही ते सांगण्याचे कार्य कादंबरी करते, आणि कादंबरीत जे सिद्ध होत नाही ते अहवालाला सिद्ध करावे लागते. ही दोन कामे एकाच व्यक्तीने केली यात विरोध नसून श्रमविभाग आहे.

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, पठारे यांच्या वाचकाला केवळ साहित्यरसिक म्हणून समजून घेता येत नाही. तो ज्या प्रदेशात राहतो तेथील संस्थांचा सभासद, लाभार्थी, कधी बळी आणि कित्येकदा एकाच वेळी हे सर्व असतो. म्हणून त्याचा ‘हा कोण?’ हा प्रश्न समीक्षेने गंभीरपणे घ्यावयास हवा. स्पेनमध्ये मिरायेस खरा की कल्पित असे विचारणारे वाचकही वस्तुतः आपल्या आजोबांविषयी विचारीत होते. दुसरा निष्कर्ष इतिहासलेखनाविषयी आहे. अहमदनगर जिल्ह्यातील सहकारी संस्था, शाळा व पाणीवाटप यांचा १९४२ नंतरचा सविस्तर, साधार आणि निःपक्षपाती इतिहास जोपर्यंत गौरवग्रंथांच्या बाहेर लिहिला जात नाही, तोपर्यंत वाचक त्या इतिहासाची मागणी कादंबरीकडेच करीत राहील. कादंबरी ती मागणी काही अंशी पुरी करू शकते. ज्यांनी १९४२ पाहिले, ज्यांनी कारखान्याचा पहिला हंगाम पाहिला, ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या आठवणी, संस्थांची इतिवृत्ते आणि गावोगावची दफ्तरे गोळा करून ठेवणे हे विद्यापीठांच्या इतिहास व भाषा विभागांचे काम आहे, आणि त्यासाठी उरलेला अवधी थोडा आहे.